गाभण हाय, इकू नका

गायी भरवायला ते मोहाडीहून आमच्या गावात मोटारसायकलवर यायचे, मागे वीर्याच्या कांड्यांचं थंडगार भांडं बांधून. गाभण न राहणाऱ्या गायींवर इंजेक्शनांचा एक अभ्यास चालला होता, त्याच्या नोंदी तेच ठेवायचे. आम्ही डॉक्टर म्हटलं की लाजायचे. "डॉक्टर नोहो नं मी, वहिनी." माणसांशी एवढंच. गायीशी मात्र भरभरून बोलायचे, "उभी राय माय, झालं, झालं," आणि खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तपासताना डोळे मिटून घ्यायचे.

आमची तांबडी तीनदा भरवूनही राहिली नव्हती. दिरांनी तिला विकायचं ठरवलं. व्यापारी दारात उभा असतानाच ते तपासायला आले. डोळे उघडून म्हणाले, "गाभण हाय. इकू नका."

व्यापारी परत गेला. दीड महिन्यानं तांबडी पुन्हा माजावर आली. त्यांना बोलावलं, त्यांनी तिला परत भरवलं.

"माहीच चूक झाली असन," म्हणत ते हात धुवायला गेले. त्यांची वही खाटेवर उघडी होती. त्या तपासणीच्या दिवशी तांबडीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'रिकामी'.

"भाऊ, खोटं काहून बोल्ले?"

"अजून एक डाव पाहू म्हनलं," ते वही मिटत म्हणाले.

त्यांना तांबडीची दया आली, की अभ्यासातली एक गाय कमी होऊ द्यायची नव्हती? त्या डावाला ती खरंच राहिली. आता तिला कालवड आहे. दीर त्यांचं फार कौतुक करतात. वहीतलं मी दिरांना अजून सांगितलेलं नाही, आणि का नाही, ते मलाही धड कळत नाही.