रामशेज चढले ती जावेवर जळून

लोक म्हणायचे, अंध मुलींच्या वसतिगृहासाठी एवढ्या दुखऱ्या पायाने गड चढली, केवढं मोठं मन! मन कसलं डोंबलाचं. मी रामशेज चढले ती माझ्या धाकट्या जावेवर जळून.

नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली स्कूटर घरी आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात नाशकातल्या द्वारकेच्या वळणावर मी मागच्या सीटवरून फेकली गेले. मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून, छताकडे बघत महिनोन् महिने दवाखान्यात पडून होते. माझी पोर तेव्हा जेमतेम चार वर्षांची. तिला जावेने सांभाळलं, पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, हे मी कधी नाकारलं नाही. पण घरी आले तर पोर काकूच्या कुशीत झोपायला लागलेली. बालवाडीतून आली की पिशवी फेकून आधी स्वयंपाकघरात, काकूपाशी. मी बाहेर खुर्चीवर. पाय पुरता दुमडत नव्हता, जमिनीवर मांडी घालायची सोय नाही. आत दोघींचं खुसुखुसु हसणं चालायचं आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईला त्रास देऊ नकोस हं, असं जाऊ तिला वर समजवायची. मला म्हणे त्रास!

त्यातच आमच्या महिला मंडळाने रामशेज चढायचं काढलं. वर पोचणाऱ्या प्रत्येक बाईमागे पेठेतले व्यापारी वसतिगृहाला देणगी देणार होते. जावेने नाव दिलं. पोर हट्टाला पेटली, काकूबरोबर मी पण जाणार. झालं, मीही माझं नाव घालायला सांगितलं. डॉक्टर नको म्हणाले, नवरा चिडला. मी ऐकते कसली! काकू चढते तशी आईही चढते, हे पोरीने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं मला.

गडाच्या पायथ्याला, आशेवाडीला एसटीतून उतरलो. साडी वर खोचली, पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. पुढे जाऊ आणि तिचं बोट धरून पोर. दोघी वळून वळून माझ्यासाठी थांबायच्या, त्याचाही मला राग यायचा. मांडीतून कळा येत होत्या, पण बसले नाही. वर पोचले तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनेही वाजवल्या. मला वाटलं, जिंकले बाई एकदाची.

उतरताना पोर पुढे पळत सुटली आणि मुरमावरून घसरून पालथी पडली. कुणीही पडलं की तोंडातून 'आई गं' निघतं. म्हाताऱ्या माणसांच्याही निघतं. माझी पोर ओरडली, "काकू गं!"

जाऊ तिच्या जवळच होती. ती धावली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि जागीच थांबली.

"तुम्ही घ्या तिला, जाऊबाई."

मी काठी टाकली, पाय लांब करून तिथेच बसले, पोरीला ओढून पोटाशी धरलं. पदराने रक्त पुसलं, फुंकर घातली. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत रडत राहिली. रडं काही थांबेना, उलट तिचा श्वास अडकायला लागला. जाऊ पदर पिळत नुसती उभी. शेवटी मीच म्हटलं, "ये गं. तूच घे हिला."

तिने उचलून घेतलं आणि पोर गप्प झाली. लगेच.