आईच्या अंदाजानं चढलेली तूरडाळ

२००८च्या उन्हाळ्यात आमच्या कात्रपच्या बिल्डिंगीत तूरडाळीचा भाव ठरवायची ती माझी आई. दुकानदार बिचारा उगाच बदनाम. आईनं वर्षाची डाळ भरली की खालपासून वरपर्यंतच्या बायका पिशव्या घेऊन धावायच्या, आणि आठवड्यात भाव चढायचा. मग आई कमरेवर हात ठेवून, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

बाबा पेपर वाचून सांगायचे, "अगं, मोठ्या बँकेच्या साहेबांनी व्याजदर वाढवलेत. महागाई उतरेल, जरा थांब."

"व्याजदरानं डाळ शिजते का? तुमच्या त्या साहेबांना म्हणावं, एकदा पिशवी घेऊन कॅम्प तीनच्या बाजारात या."

"तुम्ही सगळ्या महाग होणार म्हणून धावता, म्हणून तर महाग होतं!"

"म्हणजे माझ्यामुळे? वा रे वा!"

दोघांपुढे हात टेकले होते मी. त्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि तिच्या खोलीत तांदूळ, डाळ, तेलाचे डबे असे ठासले होते की दार अर्धंच उघडायचं. सातव्या महिन्यात ताई आली, त्या फटीतून आत शिरायला गेली आणि पोटाशी अडकली. अशी भडकली! "इथे पोतीच बाळंत होऊ देत. मी सासरीच राहते." आणि आल्या पावली परत गेली.

आईचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं डाळीचं एक पोतं दुकानात परत पाठवलं. झालं! जिन्यातून पोतं उतरताना दिसलं आणि बायकांत कुजबुज सुरू: हिला काहीतरी कळलंय, भाव पडणार. संध्याकाळपर्यंत निम्मी बिल्डिंग आपापली डाळ घेऊन दुकानात हजर. दुकानदारानं कपाळावर हात मारला आणि भाव उतरवला.

बाबांना हसता हसता ठसका लागला. "त्या साहेबांना जमलं नाही ते तू एका पोत्यात केलंस!"

आई हसली नाही. "हसा. ताईच्या वेळी मी वांगणीला माहेरी गेले होते. पाचवी झाली न झाली तोच घरातले तांदूळ संपले. मला तान्ह्या पोरीसकट सासरी परत पाठवलं. निघताना माझ्या आईनं मान वर केली नाही हो."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. मी आत जाऊन ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वर म्हटलं, "ये आता. खोली रिकामी करतोय."

ती नाक ओढत म्हणाली, "सगळी नको करू. तांदूळ राहू देत तिचे. माझी खाट भिंतीला लाव, मी मावते."