मुठीतली अक्षरं

एका जपानी तलवारीवरचं नाव मी कानशीनं घासून काढलं. घासू नको, असं मला सांगितलेलं होतं. पुढं बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की ऐन लग्नसराईत, कामाच्या रेट्यात ते सांगणं मी विसरलो. मी विसरलो नव्हतो. हे आधी लिहून टाकतो.

भंडाऱ्याच्या पितळी बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर मी भांड्यांवर नावं टाकायला बसायचो. एक लाकडी ठोकळा, तीन-चार छिन्न्या, हलकी हातोडी आणि दोन कानशी, एवढंच सामान. लग्नात मामानं दिलेला पाण्याचा पितळी गुंड असो की आत्यानं दिलेली परात, तिच्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव लागायचंच. टिंबाला टिंब लावत अक्षर उमटायचं. जी लिपी वाचता येत नसे तीही मी कागदावरून जशीच्या तशी उतरवायचो. उर्दू उतरवली होती, एकदा तेलुगूही. त्याचा मला थोडा गर्व होता.

जुनं भांडं दुसऱ्या घरी द्यायचं झालं तर आधीचं नाव घासायचं आणि मगच नवं टाकायचं, ही आमची रीत. एका भांड्यावर दोन घरांची नावं राहिली की पुढं भांडण ठरलेलं. त्यामुळं वस्तू हातात आली की माझा डावा अंगठा आपोआप जुनं नाव शोधायचा आणि उजवा हात कानशीकडे जायचा.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. करडी गावचे एक सुभेदार एसटीनं आले. धानाची शेती करणारा साधा माणूस, पण ब्रह्मदेशच्या लढाईत होते म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. काखेत सुतळीनं बांधलेली लांब गुंडाळी होती. त्यांनी ती ओट्यावर सोडून आतली तलवार काढली तसा शेजारचा दुकानदार हसत म्हणाला, "काहो सुभेदार, आता या वयात कोनाची मान कापता?"

"तुई जीभ कापतो पयले. गिऱ्हाईक पळवते ते."

बाजूचे दोघं-तिघं हसले. सुभेदार माझ्याजवळ खाली बसले आणि त्यांनी मुठीतली बांबूची बारीक खुंटी काढली. मूठ अलगद निघाली. मुठीत शिरणारा पात्याचा भाग गंजून काळपट झाला होता. त्यावर उभ्या ओळीत अक्षरं होती, छिन्नीनं घातलेली.

"हे पाय," ते म्हणाले. "लढाई सरली तवा जपानी लोकायनं तलवारी खाली ठेवल्या. एक पोरगाच होता, मिशी नाई फुटली धड. त्यानं ठेवाच्या आंदी मुठीवर दोनदा बोट ठोकलं अन् काईतरी बोलला. मले काय समजते? मंग साहेबानं ते तलवार मलेच देली. घरी येऊन मूठ उघडली तवा समजलं, नाव हाये म्हनत होता."

"त्याचं नाव का, काकाजी?"

"त्याचं असन, नाईतर ज्यानं बनवली त्याचं असन. ते राहू दे. त्याले हात लावू नोको. त्याच्या खालून माया नाव टाक, गाव टाक, अन् 'भेट मिळाली' असं टाक. मी मेल्यावर कोनी म्हनू नये का बुढ्यानं चोरून आनली."

"हो," मी म्हणालो.

हे सगळं मला इतकं स्पष्ट आठवतं. म्हणून विसरलो म्हणण्यात अर्थ नाही.

ते बाजारात दुसऱ्या कामाला गेले. मी तो भाग ठोकळ्यावर धरला. अक्षरांच्या खाली जागा होती, पण खुंटीचं भोक मधे येत होतं. सुभेदारांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट आणि वर 'भेट मिळाली', एवढं बसत नव्हतं. अक्षरं बारीक केली असती तर बसलं असतं. पण गंजावर बारीक अक्षर उठत नाही, त्याला खालचा धातू स्वच्छ लागतो. खालचीच जागा जपून घासून बारीक टाकायला वेळ लागला असता, आणि ओट्यावर सात-आठ गुंड रांगेत होते. मी कानस घेतली. तलवारीच्या पात्याला कानस लागत नाही, घसरते. मुठीतला भाग मात्र मऊ ठेवलेला असतो. तो सहज घासला गेला. आधी गंज गेला. मग अक्षरांच्या कडा गेल्या. शेवटी तळाशी उरलेल्या रेघा गेल्या. मनात काहीच आलं नाही. जुनं नाव निघालं, जागा झाली, एवढंच. मग मी सुंदर, ठसठशीत देवनागरीत सगळं नाव टाकलं.

सुभेदार परत आले. त्यांनी चष्मा लावला, नावावरून बोट फिरवलं.

"वरची अक्षरं?"

"जंगानं खाल्ली होती, काकाजी. पुसायला गेलो तर पोपडाच निघून आला."

खोटं इतक्या लवकर आणि इतकं गुळगुळीत आलं की मलाच खरं वाटलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"असन," ते म्हणाले. "तीस वर्स झाले. लोखंडच ते. तू काय करशीन?" त्यांनी मूठ बसवली, खुंटी दाबली आणि गुंडाळी बांधून एसटी स्टँडकडे गेले. मी पुढचा गुंड घेतला.

नंतरची काही वर्षं सांगण्यासारखं काही नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. स्टीलची भांडी आली आणि स्टीलवर नाव टाकायला विजेवरचं यंत्र आलं, तेही मी घेतलं. सुभेदार बाजारात आले की माझ्या ओट्यावर टेकायचे. इतरांना सांगायचे, "याच्यासारखं नाव भंडाऱ्यात कोनी टाकत नाई." मी मान खाली घालून काम करायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

ऐंशीनंतर कधीतरी पवनीला जपानहून आलेले एक वयस्क भिक्खू काही दिवस मुक्कामाला असल्याचं सुभेदारांच्या कानावर आलं. ते माझ्याकडे आले.

"चाल बाबू माह्यासंगं. मूठ उघडाले तुया हात पायजे, माये थरथरतेत. ते तलवार मी वापस देऊन राहिलो. पोराईले तिचं काई नाई, नातवाईले तर खेळनं वाटते. ज्याच्या घरची त्याच्या घरी जाऊ दे."

"पण काकाजी, घर कसं सापडणार?"

"ते त्यायले ठाऊक. नाव-गाव वाचून पता लावतेत म्हने."

काम आहे, असं म्हणता आलं असतं. मी गेलो.

भिक्खू जमिनीवर चटईवर बसले होते. तोडकंमोडकं हिंदी बोलत होते. तलवार त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मी खुंटी काढली, मूठ ओढली. त्यांनी तो भाग उजेडाकडे धरला. माझी देवनागरी अजून स्वच्छ दिसत होती.

"नाम कहाँ?" त्यांनी विचारलं.

"जंग खा गया जी," सुभेदार म्हणाले.

भिक्खूंनी अंगठा आडवा फिरवला. कानशीच्या रेघा बारीक, समांतर असतात. गंजानं तशा होत नाहीत. मला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही होतं.

"जंग ऐसा नहीं खाता," ते हळू म्हणाले.

"नाई जी," सुभेदार ताठ बसून म्हणाले, "ये लडका झूठ नहीं बोलता. भंडारे का कारागीर है. इसने खुद देखा."

भिक्खूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्या दोन-तीन क्षणांत मी बोलायला हवं होतं. मी मूठ हातात धरून बसलो होतो आणि तिच्यावरचा दोरा पाहत होतो. त्यांनी तलवार पुन्हा कपाळाला लावली आणि सुभेदारांच्या मांडीवर ठेवली.

"नाम नहीं, तो घर नहीं मिलेगा," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत सुभेदारांनी गुंडाळी गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. गाडी शेतांमधून चालली होती. धान कापून झालेलं होतं, बांध्या रिकाम्या होत्या. मग ते म्हणाले, "त्या पोरानं मले एकच गोष्ट सांगतली होती. तेवढीबी मले सांभायता नाई आली."

मला रडू आलं नाही. मला काहीच झालं नाही. भंडाऱ्याला उतरलो तेव्हा त्यांना करडीच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन जेवलो.

त्यानंतर मी ती अक्षरं आठवायला लागलो. पाहिलेलं हातात उतरतं, ही माझी ख्याती होती. कागद घेऊन बसायचो. उभी रेघ, तिला दोन आडव्या रेघा, एक तिरकी. पुढं काही येत नसे. पाच अक्षरं होती की सहा, तेही सांगता येत नव्हतं. मी ती अक्षरं म्हणून पाहिलीच नव्हती, घासायचा भाग म्हणून पाहिली होती. तरी एकदा पाच अक्षरांची ओळ जुळवली. बरीचशी खरी वाटत होती. ती सुभेदारांना नेऊन द्यावी, आठवलं म्हणून सांगावं, असं मनात आलं. ते भिक्खू परत गेले होते, पण दुसरा कोणी वाचू शकला असता. कागद खिशात घालून मी करडीच्या गाडीत बसलो. वाटेतली मोहाडी मागं पडल्यावर कागद काढून पाहिला. त्यातलं आठवलेलं किती आणि माझ्या हातानं रचलेलं किती, ते मलाच कळेना. तो फाडला आणि खिडकीतून टाकला.

सुभेदार अंगणात बाजेवर बसले होते. अंग फार उतरलं होतं. सुनेनं पाणी आणून दिलं.

"का बे, एवढ्या उनात काहून आला?" ते म्हणाले. "बस. कोनाचं लगन गिगन हाये का?"

मी बाजेवर बसलो नाही, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. वाक्य घोकून आलो होतो, ते आठवलं नाही.

"काकाजी," मी म्हणालो, "तलवारीवरचं नाव जंगानं नाही गेलं. मी कानशीनं घासलं. तुमी नोको म्हनलं होतं, ते मले आयकू आलं होतं. तुमच्या नावाले जागा पुरत नव्हती म्हनून घासलं. मंग तुमच्याशी खोटं बोललो. पवनीले तुमी माह्यासाठी बोलले, तवाबी मी गप बसलो. ते अक्षरं मले आठवत नाईत, मी लय पायलं आठवून. तुमच्याकडून काई नाई हरवलं. मी घालवलं. मले माफ करा."