नाव झाकलेली कॅसेट

कॅसेट संपली की टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर उडे. तो कोरडा ‘खट्’ अजून माझ्या कानात आहे. कॅनडाला जायला डोंबिवलीचं घर सोडलं त्या दुपारी मात्र टेप मीच मध्येच बंद केला. खाली टॅक्सी उभी होती, खिडकीतून एमआयडीसीचा आंबूस वास आत येत होता, आणि निरोपाला आलेल्या मिलिंदने माझ्या हातावर एक कॅसेट ठेवली. तिच्या लेबलावर पांढरी चिकटपट्टी होती. “नाव नाही, गाव नाही, आणि थेट पर्समध्ये?” आई म्हणाली. मिलिंद नुसता हसला. हा आपली थट्टा करतोय, या माझ्या संशयाला तेवढं पुरेसं होतं.

आम्ही तिघं दर रविवारी दुपारी सुभाषच्या खोलीवर जमायचो. सुभाष बँकेत होता. त्याचा आवाज मोठा आणि मतं त्याहून मोठी. मिलिंद ठाण्याचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरीला. मी कवितेवर वाढलेली. कुणी फारसे न ऐकलेले परदेशी बँड हुडकायचे आणि त्यांच्यासाठी भांडायचं, हे आमचं व्रत. ज्याची कॅसेट त्याने नाव झाकून आणायची, शेवटपर्यंत वाजवायची आणि मग एकच शब्द विचारायचा, “निकाल?” निकाल दिल्यावरच पट्टी सोलायची. प्रसिद्धीने कान बिघडतात, अशी आमची श्रद्धा होती.

निरोपाला मिळालेल्या या कॅसेटची पट्टी मात्र मिलिंदने रविवारच्या निकालानंतरही सोलली नव्हती. “आयर्लंडकडचे आहेत. नाव नंतर,” इतकंच म्हणाला.

तिच्या तिसऱ्या गाण्यात ड्रम एकाएकी थांबतो. गिटार एकटी, अनवाणी चालत राहते. मग ड्रम हलक्या पावलांनी परततो.

“झोपला काय रे हा? आळशी आहे लेकाचा!” सुभाष ओरडला.

“आळशी नाही, तो थांबलाय. कवितेत याला यती म्हणतात.”

“वसू, तुला बँड आवडलाय की बँड आणणारा?”

मी लाल झाले, पण मागे हटले नाही. पुढे कित्येक रविवार आम्ही त्याच जागेवर भांडलो. गुडघ्यावर ठेका धरलेली मिलिंदची बोटं ड्रमच्या निमिषभर आधीच थांबत, हे मला दिसे. तो टेपकडे बघत नसे; आमचे चेहरे बघे. एखादं टाकाऊ रेकॉर्डिंग मी डोक्यावर घेऊन नाचतेय आणि हा आतल्या आत हसतोय, असं मला वाटू लागलं. अभिमान बाळगावा असा माझ्यापाशी कानच तेवढा होता, आणि तोच पणाला लागला होता.

टोरोंटोत कॅसेटच्या दुकानदारांपुढे मी ती चाल गुणगुणले. माना नकारार्थी हलल्या. एका संध्याकाळी रागाने पट्टी सोलली. खाली कोऱ्या कॅसेटचं कोरं लेबल. आईचं वाक्य आठवलं आणि मी ती कॅसेट स्वेटरांच्या तळाशी टाकून ठेवली.

बर्फाने रस्त्यांचा आवाज गिळून टाकलेल्या एका दुपारी ती पुन्हा हाती आली. या वेळी कानांवर हेडफोन होते. तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबला, आणि गिटारच्या मागून, फार लांबून, मासे विकणाऱ्या बाईचा आवाज आला: “म्हावरं घ्या गो, म्हावरं!”

सुभाषच्या खोलीतल्या पंख्याखाली, त्या चिरक्या स्पीकरमधून ही हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. आली असती, तरी ती खिडकीतूनच आली असं समजून कुणी मानसुद्धा वळवली नसती. घर म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं: जिथे अशी हाक ऐकूनही आपल्याला ती ऐकू येत नाही, ते.

मी ठाण्याला फोन लावला. “मिल्या, ती म्हावरंवाली कोण?”

“आमच्या गल्लीतली,” तो म्हणाला. “आम्ही घरी रेकॉर्डिंग करत होतो, नेमकी तेव्हाच आली. मी काठ्या हवेत धरून बसलो, ती पुढे जाईपर्यंत. बाकीच्यांना थांबायचं सुचलंच नाही.”

“म्हणजे ड्रमर तू?”

“सांगितलं असतं तर सुभ्याने पहिल्याच गाण्याला बटण दाबलं असतं. आणि तू माझं म्हणून कौतुक केलं असतंस. मला दोन्ही नको होतं.”

इतकी वर्षं मी त्याच्यावर संशय घेतला. आता तो संशय माझ्याकडेच वळला. ज्याला मी यती म्हणाले, ती म्हावरंवालीला दिलेली वाट होती. तरीही ती जागा मला पूर्वीपेक्षा सुंदर वाटत होती. हे संगीताचं सौंदर्य, की बर्फात बसून आठवलेल्या ठाण्याचं? की ‘बँड आणणारा आवडलाय’ हे सुभाषच तेव्हा खरं बोलला होता? नाव कळल्यावर निकाल बदलायचा नाही, असं आमच्या नियमात कुठेच नव्हतं.

मिलिंदलाही ते ठाऊक असावं. तारेवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग हलकेच, ड्रम परततो तसा, त्याचा आवाज आला:

“निकाल?”