ढिगात घातलेला हात

आबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी युसूफ वडगाव या गावातल्या खताच्या दुकानातून युरियाची चार पोती टेम्पोत चढवून घेत होतो. आबांनी सांगितली होती दोन. वरची दोन गोठ्यात लपवावीत की कडब्याच्या गंजीमागं, या विचारात असताना त्यांचा लेक म्हणाला, "दादा, आबा गेले." ...आता लपवायची तरी कुणापासून?

आबा माझे बांधशेजारी. वयानं वडिलांच्या बरोबरीचे, शिव्या मात्र मित्रासारख्या द्यायचे. मी पहिल्यांदा हळद लावली त्या साली नुसत्या युरियावर ती कमरेच्या वर नेली. पानांत उभं राहून फोटो काढले, पाव्हण्यांना पाठवले. काढणीला खाली निघाली करंगळीएवढी हळकुंडं. पुढच्या साली रागानं पोतीच बंद केली आणि गोठ्यातलं ताजं शेण थेट सरीत ओतलं. त्या गरमीनं बेणंच गेलं. आबांनी एक गड्डा उकरून दाबून बघितला. "लोक हळद काढल्यावर शिजवत्यात. तू मातीतच शिजवलीस का बे?" मग पोटभर हसून म्हणाले, "कावून दोन्हीत भांडण लावतो? आधी कुजलेलं शेणखत, मग युरिया थोडा थोडा, हप्त्यानं. दोन्ही लागतंय तिला."

तिसऱ्या साली तसंच केलं. एक पोतं चोरून जास्त टाकलंच.

"जास्तीचं टाकलं का रं?"

"न्हाई, आबा."

पानांच्या रंगावरून त्यांना सगळं कळायचं. पण ते आभाळाकडं बघत तंबाखू मळत राहायचे.

शेणखत कुजलं का, हे बघायची त्यांची एकच रीत. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं तर थांबायचं. शेवटची भेटही तशीच झाली. यंदा बांधावर माझ्यासाठी त्यांनी स्वतः ढीग लावला होता. माझं मनगट धरून हात आत घातला. "लई गरम हाय. थांब अजून." ...किती दिवस, ते विचारायचं राहून गेलं.

आता लावणी तोंडावर आलीय. सऱ्या पाडून झाल्या, बेणं निवडून झालं. ती दोन पोती मी परत केली... खरंच केली. रोज सकाळी ढिगात हात घालतो. इतके दिवस आत ऊब होती. काल घातला, तर पार कोपरापर्यंत थंड. म्हणजे खत तयार. आता पसरायला हवं, आणि पसरलं की बांधावर आबांच्या हातचं काही उरत नाही.

हात बाहेर काढला, झटकला आणि त्यांच्या रानाकडं तोंड करून म्हटलं, "अजून गरमच हाय, आबा... थांबतो."