कडेची काळी पट्टी

श्वासबाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकाच्या बाहेर फारसं पडलंच नाही. इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. "छाती पाटीला टेकवा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, हलू नका," आणि क्षणभराने, "सोडा." सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंटसुद्धा आतला आवाज ऐकून आपापला श्वास रोखून धरत. वॉर्डातल्या मावशींनी एकदा गमतीने "आमच्या श्वासबाई" म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की पुढे मोठे डॉक्टरही तेच म्हणू लागले.

त्या कामाचे दोन धडे त्यांना पहिल्याच आठवड्यात मिळाले होते. पहिला, बटण दाबण्यापूर्वी शिशाच्या आडोशामागे जायचं. फोटो निघतो तेव्हा खोलीत पेशंट एकटाच असतो. दुसरा, फिल्मवर काय दिसलं ते आपल्या तोंडाने सांगायचं नाही. पेशंट काकुळतीला येऊन विचारी, "बाई, काय दिसलं हो?" त्यावर ठरलेलं उत्तर, "डॉक्टर सांगतील."

घरी मिस्टरांनी याची पुरती थट्टा करून ठेवली होती. त्यांनी विचारावं, "माझा निळा शर्ट कुठे आहे गं?" आणि यांनी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच म्हणावं, "राहू दे, डॉक्टर सांगतील." पाहुणे खदखदून हसत. श्वासबाई म्हणत, "हसा, हसा. तुमचाही एक दिवस काढते एक्स-रे."

आणि तो दिवस आला. खोकला हटेना म्हणून मिस्टर त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पाटीला छाती टेकवून उभे राहिले. श्वासबाईंनी नेहमीसारखं सगळं म्हटलं. आत, डार्करूमच्या लाल उजेडात, आंबूस वासाच्या पाण्यातून फिल्म वर उचलली, तेव्हा उजवीकडे वरच्या बाजूला बटणाएवढा पांढरा ठिपका त्यांना दिसला. असले ठिपके त्यांनी पुष्कळ पाहिले होते. बाहेर आल्या तर मिस्टर शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी हसत विचारलं, "काय दिसलं गं?"

"डॉक्टर सांगतील," श्वासबाई म्हणाल्या.

या खेपेला कुणी हसलं नाही. मिस्टरांनी त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही. ते गेले, तोवर ती थट्टाही घरातून गेली होती.

पुढे श्वासबाई निवृत्त झाल्या. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि ठणठणीत तब्येत. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई, पेपरवाला पेपर आत सरकवी. कधीकधी सबंध दिवसात घशातून शब्द निघत नसे, आणि संध्याकाळी फोन वाजला, चुकीचाच का असेना, की पहिला शब्द घोगरा यायचा.

एकदा कुठल्याशा कार्डासाठी पासपोर्ट आकाराचा फोटो हवा होता, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेल्या. स्टुडिओवाले म्हणाले, "हलू नका हं." बाईंनी सवयीने हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले आणि श्वास असा रोखला की फोटो निघाला तरी त्या तशाच. स्टुडिओवाले हसून म्हणाले, "अहो ताई, सोडा आता!"

आयुष्यभर हा शब्द त्यांनी दुसऱ्यांना सांगितला होता. त्यांना तो कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. बाई खुर्चीवरून लगेच उठल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर एक पाटी होती: हौशी फोटो मंडळ, दर सोमवारी विषय, रविवारी संध्याकाळी फोटो. बसल्या बसल्या त्यांनी ती वाचून काढली.

मंडळाचे नियम साधे होते. सोमवारी सकाळी मोबाइलवर विषय यायचा. फोटो स्वतः काढलेला आणि त्याच आठवड्यातला हवा. जुना चालत नाही. रविवारी स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो छापून दोरीवर चिमट्याने लटकवायचा आणि त्याबद्दल दोन शब्द बोलायचे. खोली लहान, त्यामुळे खुर्च्या मोजक्याच. बाहेर थांबलेली माणसं बरीच. फोटो आणला नाही किंवा रविवार चुकवला तर खुर्ची पुढच्या माणसाची.

श्वासबाईंचा फोटो रविवारी चुकला नाही. विषय 'दार' असो, 'पिवळा' असो नाहीतर 'पाणी' असो. बोलायचे दोन शब्द मात्र त्या एकातच भागवत. "दार," म्हणायच्या आणि बसायच्या. पण आत शिरताना कुणीतरी म्हणायचं, "या ताई, तुमची खुर्ची धरून ठेवलीय." आठवडाभर त्यांना "या" म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या एका शब्दासाठी बाई सोमवारपासून तयारीला लागत.

त्यांच्या फोटोंची एक खोड मात्र सगळ्यांच्या लक्षात आली होती. प्रत्येक फोटोत कडेला एक काळी पट्टी. कधी दाराची चौकट, कधी खांब, कधी पडद्याची किनार. मंडळात बस चालवणारे एक काका होते. विषय कोणताही असो, ते फोटो आपल्या बसचाच आणत आणि तोंडाला तर त्यांच्या ब्रेकच नव्हता. ते म्हणाले, "ताई, तुम्ही फोटो काढता की चोरून बघता? दर वेळी कशाच्या तरी आडून!"

बाईंनाही ते तेव्हाच कळलं. घरी जाऊन त्यांनी सगळे फोटो पुन्हा पाहिले. खरंच होतं. बटण दाबायची वेळ आली की पाय आपोआप आडोशाला जात आणि फक्त हात बाहेर राही. जित्याची खोड! तिथे किरणं नव्हती, शिसं नव्हतं, आणि तरी त्या लपत होत्या. त्यांनी ठरवलं, पुन्हा नाही. पुढच्या रविवारी पट्टी होतीच.

आणि मग एका सोमवारी विषय आला: 'जवळचं माणूस'. खाली सूचना होती, हाताच्या अंतरावरून काढावा.

बाईंनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. दार, पाणी, पिवळा, हे सगळं रस्त्यावर मिळतं. जवळचं माणूस कुठून आणायचं?

समोरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. बाईंनी भीत भीत विचारलं. "अय्या, माझा फोटो? या अवतारात?" वहिनींनी केसांवरून हात फिरवला. "शनिवारी या. मस्त तयार होऊन बसते." शनिवारी बाई गेल्या तर दाराला कुलूप. शेजारून कळलं, वहिनींना मुलगा येऊन घेऊन गेला, दोन दिवस तिकडेच राहणार. विसरल्या बिचाऱ्या. विसरण्यासारखीच तर गोष्ट होती.

मधल्या एका दिवशी बाई इस्पितळातही जाऊन आल्या होत्या. मावशी अजून कामावर असतील, त्यांच्या गालांवरच्या सुरकुत्या जवळून छान येतील, असा हिशेब होता. एक्स-रेच्या खोलीबाहेरचा बाक तोच होता. आतून एक तरुण मुलगी आली आणि म्हणाली, "आजी, बसा. कशाचा काढायचाय? कागद दाखवा."

"मला काढायचा नाही. मी इथेच होते. मावशी आहेत का?"

"कोणत्या मावशी? आता सगळं बदललंय." ती मुलगी वाईट नव्हती, घाईत होती. "आणि दाराशी उभ्या राहू नका हं, लाल दिवा लागलाय."

बाई पटकन बाजूला झाल्या. जाता जाता डार्करूमच्या उघड्या दारातून आत डोकावल्या. आत बादल्या आणि पुसण्याच्या काठ्या होत्या. शेजारच्या एक्स-रेच्या खोलीतून भाषा तीच ऐकू येत होती, श्वास घ्या, रोखा. मुलगी जरा भरभर म्हणत होती.

परतताना बागेत एक अनोळखी बाई बाकावर एकटीच बसलेली दिसली. चेहरा मायाळू. श्वासबाईंनी धीर करून विचारलं आणि ती चक्क हो म्हणाली. पदर सावरून, कॅमेऱ्याकडे बघून बसली. थोड्या वेळाने तिनेच हाक मारली, "अहो, कुठे गेलात?"

श्वासबाई झाडामागे होत्या.

फोटोत अर्धं झाड आणि लांबवर एक नखाएवढी बाई. त्यांनी "छान आलाय" म्हणून आभार मानले आणि रस्त्यात तो पुसून टाकला.

रविवार उजाडला तेव्हा हातात काही नव्हतं. आज जायचं नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. खुर्ची जाईल, जाऊ दे. बाहेर थांबलेल्यांतल्या कुणाला तरी बरं वाटेल. मग चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी बसल्या आणि पुढचा रविवार कसा जाईल ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच्या पुढचाही. चहा तसाच निवला.

कपाटाच्या वरच्या फळीवर, घडी केलेल्या चादरींखाली एक मोठा खाकी लखोटा होता. तो तिथे आहे हे त्यांना रोज माहीत असायचं, जसं आपल्याला पायातलं दुखणं माहीत असतं. चादरी बदलायच्या तेव्हा त्या लखोट्याला हात न लावता बदलायच्या. त्यांनी तो काढला. फिल्म अजून स्वच्छ होती. कोपऱ्यात डावं-उजवं कळावं म्हणून त्यांनीच चिकटवलेल्या शिशाच्या अक्षराची खूण होती.

मिस्टरांचे घरात पुष्कळ फोटो होते, लग्नातले, नोकरीतले, भिंतीवरचा. सगळे दुसऱ्यांनी काढलेले. आपण त्यांचा काढला तो एवढाच.

खिडकीच्या काचेवर त्यांनी फिल्म चिकटपट्टीने लावली. सकाळचं ऊन मागून आलं आणि बरगड्या उजळल्या. बरगड्यांमधून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसत होते. बाईंनी मोबाइल धरला, आणि पडद्यावर पाहतात तो डावीकडे काळी पट्टी. कपाटाचं दार. त्या त्याच्यामागे होत्या.

"आता तरी बाहेर ये की गं बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. आठवड्यातला त्या घरातला तो पहिला आवाज.

त्या बाहेर आल्या. एक पाऊल, आणखी एक. हात लांब केला तर बोटं काचेला लागली. श्वास रोखला आणि बटण दाबलं.

संध्याकाळी दोरीवर चेहरेच चेहरे होते. कुणाची आई, कुणाचं बाळ. बसवाल्या काकांनी आपल्या कंडक्टरचा आणला होता, तोही बसच्या दारात. बाईंचा फोटो चिमट्यावर चढला आणि काकांना राहवेना. "ताई, विषय 'जवळचं माणूस' होता. तुम्ही तर पार आत शिरलात!"

सगळे हसले. बाईही थोडंसं हसल्या.

"कुणाचा आहे?" स्टुडिओवाल्यांनी विचारलं.

"माझ्या मिस्टरांचा."

हसणं थांबलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी नियमांची फार पक्की होती. ती चाचरत म्हणाली, "पण ताई, हा जुना ना? आणि चेहरा नाहीये."

"फिल्म जुनी आहे. फोटो आज सकाळचा." बाईंचा आवाज घोगरा होता, पण त्या थांबल्या नाहीत. "चेहरा दुसऱ्यांनी काढलेला आहे. हे मी काढलं. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काय दिसलं. मला दिसलं होतं. मी म्हटलं, डॉक्टर सांगतील."

एवढं त्या खोलीत कधीच बोलल्या नव्हत्या. बँकेतल्या मुलीने स्टुडिओवाल्यांकडे पाहिलं. ते फोटोजवळ गेले, चष्मा वर केला.

"किती अंतरावरून काढलात?"

बाईंनी हात लांब करून दाखवला.

"मग बसतंय नियमात," ते म्हणाले. मग त्यांनी फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "कड स्वच्छ आहे आज."

खुर्ची राहिली. निघताना काकांनी "सांभाळून जा हं, ताई" म्हटलं, पण सोबत कुणी आलं नाही. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी वाट पाहत होतं.

बाई घरी आल्या तेव्हा तिन्हीसांज झाली होती. फिल्म काचेवर तशीच होती. समोरच्या घरांतले दिवे एकेक लागत होते आणि बरगड्यांआडून दिसत होते. त्यांनी चप्पल काढली, आणि दिवा न लावताच खिडकीशी गेल्या.

"उजवीकडे, वर," त्या म्हणाल्या. "बटणाएवढा. मी पाहिला होता हो."

मग त्या पडदा न ओढताच वळल्या, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि एकटीचं पान वाढून घेतलं.