स्ट्रेचरवरची झोप

सीमेवर लढाई पेटली तेव्हा मी रोज नागपूरहून कंपनीच्या बसने कळमेश्वरला जात होते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमचं पत्र्याचं शेड. आम्ही बायका तिथे स्ट्रेचर शिवायचो, एरवी दवाखान्यांसाठी. लढाई लागली आणि फौजेचं काम आलं. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली, सुट्ट्या बंद. बुद्धपौर्णिमेलाही पहाटे विहारात मेणबत्ती लावली आणि त्याच पांढऱ्या साडीवर बस पकडली. शांतीसाठी हात जोडायचे आणि लढाईच्या कामाला निघायचं, याचं हसू यायलाही अंगात त्राण नव्हतं.

वस्तीत मात्र माझा मान भलताच वाढला. शेजारचे काका टीव्हीसमोर मांडी घालून रोज शत्रूची एकदोन शहरं काबीज करायचे आणि मला पाहिलं की म्हणायचे, "ताई, तुम्ही देशसेवा करून राहिल्या!" मला चीड यायची. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली उभं राहायचं, लू लागू नये म्हणून पदराला कांदा बांधायचा, आणि घरी येऊन पुन्हा कुकर लावायचाच. देशसेवा म्हणे.

माझं काम तपासणीचं. आमच्याकडची पद्धत अशी, की तयार झालेल्या प्रत्येक स्ट्रेचरवर एकीने आडवं व्हायचं, चौघींनी ते उचलायचं आणि दहापर्यंत मोजायचं. शिवण कुरकुरली नाही, की मी त्यावर 'तपासले' असा निळा शिक्का मारायचे. त्या दिवसांत आडवं व्हायला आमच्यात भांडणं लागायची. दहा आकड्यांची का होईना, पाठ टेकायला मिळायची.

आडवी होत नसे ती एकटीच, शेजारच्या मशीनवरची माझी मैत्रीण. तिचा मुलगा फौजेत होता आणि आठवडाभर त्याचा फोन नव्हता. "मी नाही झोपत वं त्याच्यावर," एवढंच ती म्हणायची. आम्ही कधी आग्रह केला नाही.

एका दुपारी जेवणानंतर मी आडवी झाले, बायकांनी उचललं आणि तीन की चार ऐकल्यावर पुढचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मी स्ट्रेचरवरच होते, जमिनीवर, अंगावर कुणीतरी कुलरचा वारा वळवलेला. उरलेली दहा स्ट्रेचर शिक्के मारून ट्रकमध्ये चढलीही होती.

मी ट्रकपाशी गेले आणि सवयीने वरच्या कापडावर हात फिरवला. माणूस झोपून उठलेलं कापड मधे जरा सैल पडतं. हे उन्हात वाळलेल्या पापडासारखं ताठ होतं. खालचंही तसंच.

"शिक्का कोणी मारला?" मी विचारलं.

मैत्रिणीने मान खाली घातली. "मी मारला. दहाच राहिले होते. टेस्ट करायची म्हणजे मोठ्यानं मोजा लागलं असतं, तू उठली असती. तू किती थकली होती, माहीत आहे का तुले?"

"काहून नाही उठवलं वं मले? माझा शिक्का आहे तो!"

माझा आवाज चढला होता. एवढ्या दिवसांत माझी दया कुणालाच आली नव्हती. जिला आली, तिच्यावरच मी ओरडत होते. तेवढ्यात सुपरवायझर धावत आले. "ताई, वरून फोनावर फोन येऊन राहिले. दहानं काय होते? जाऊ द्या गाडी." मी सरळ ट्रकमध्ये चढले आणि त्या दहांवर बसून राहिले. हिमतीपेक्षा त्यात हट्टच जास्त होता. अर्ध्या तासाने त्यांनी हात टेकले.

स्ट्रेचर खाली उतरली. माझी चूक, म्हणून मीच आडवी होत गेले. चार नीट निघाली. पाचव्याला सात म्हणेपर्यंत कडेची शिवण टर्रकन उसवली आणि मी कमरेवर आपटले. मशीनमधला खालचा दोरा मधेच संपला होता. वरून टाके दिसत होते, धरून काहीच नव्हतं. कुणी हसलं नाही. सुपरवायझर त्या फाटलेल्या कापडाकडे बघत राहिले.

मला उठता येईना. उरलेल्या पाचांसाठी कोण, म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा मैत्रिणीने चपला काढल्या आणि ती सहाव्यावर जाऊन निजली. दोन्ही हातांनी कडेचे दांडे घट्ट धरले. डोळे उघडेच. मी भिंतीला टेकून मोजत होते. सहावं झालं, सातवं, आठवं, नववं. शेवटच्यावर मी दहा म्हटलं आणि बायका खाली वाकल्या.

"थांबा," ती म्हणाली. "तिकडे काय दहापर्यंत मोजून खाली ठेवतेत?"

चौघी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिला उचलूनच शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. हात भरून आले तरी खाली ठेवायचं कुणी नाव घेईना. मी मोजणं सोडून दिलं होतं.